बारा वाजायच्या आत

आंबागडची उंची कुणाला घाबरवत नाही. तुमसरच्या पुढे सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात, त्यांतल्याच एका टेकडीवर हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, १७०० च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. बालेकिल्ल्यातल्या विहिरीचं साचलेलं विषारी पाणी कैद्यांना प्यायला लावत आणि त्यानेच ते मरत, अशी आख्यायिका आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला इथली चढण फारशी लागणार नाही. पण सह्याद्रीतली माणसं पावसाळ्यात गड चढतात. भंडारा जिल्ह्यातल्या पोरांना सुट्टी मिळते ती एप्रिल-मे महिन्यांत, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो तेव्हा.

मोहाडीजवळच्या एका गावातल्या मुलीने बारावीनंतरच्या सुट्टीत दोन गोष्टी शिकायला घेतल्या. पहिली, मैत्रिणी-मित्रांबरोबर आंबागड चढून सगळ्यांना धडधाकट खाली कसं आणायचं. दुसरी, पुढच्या शिक्षणाला नेमके किती पैसे लागतात. पहिली हौसेची, दुसरी वडिलांनी सोपवलेली. धान विकून हातात काय राहतं हे वडिलांना ठाऊक होतं. फार्मसीच्या चार वर्षांचं काय होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने एक लांब रजिस्टर घेतलं. पुढून गडाची पानं, उलटं करून मागून फीची.

गडाच्या पानांची सुरुवात इंटरनेटवरून झाली आणि लगेच अडली. तिथे रेनकोट, जळवा, निसरडी वाट आणि धबधबा यांचीच माहिती. ती खोटी नव्हे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, आणि त्यानंतर शाळा-कॉलेजांच्या सहलींचे नियम कडक झाले. पण मे महिन्यातल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात कसं चालायचं, हे सांगणारं तिला फारसं काही सापडलं नाही. ते सांगणारी माणसं घरातच होती. त्यांना कुणी कधी ट्रेकर म्हटलं नव्हतं, इतकंच.

तिची आजी तेंदूपत्त्याला जाते. मोहाडी तालुक्यात कोका अभयारण्याच्या अंगाने आणि जांब-कांद्रीकडे जंगल आहे. आधी मोहफूल, मग एप्रिलच्या अखेरीपासून तेंदू. पानं तोडायची, घरी आणून त्यांचे पुडे बांधायचे, आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. या हंगामाचे पैसे कुठे जातात, हे नातीला रजिस्टर लिहिताना प्रथमच नीट कळलं. तिच्या सीईटीच्या अर्जाचे पैसे त्यातलेच होते. ज्या जंगलात ती हौसेने जाणार होती, त्याच जंगलातून तिची फी येत होती. दोन्हीकडून लिहिलेलं रजिस्टर इथे मधोमध एक झालं.

आजीचे नियम थोडे होते, पण प्रत्येकामागे कुणाचं तरी नाव होतं. "एकटी वाकू नोको, पोरी. वाकलेला माणूस वाघाले जनावर दिसते." हा नियम ऐकायला गमतीचा वाटतो, पण तो अनुभवाचा अर्क आहे. मोह वेचताना, पानं तोडताना, गवत कापताना माणूस वाकतो किंवा उकिडवा बसतो, आणि हल्ले बहुतेक अशाच वेळी होतात. सुंदरबनात मध गोळा करणारे लोक डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधू लागले, त्यामागेही असंच निरीक्षण होतं: वाघ समोरून पाहणाऱ्यावर सहसा येत नाही. नागझिरा, नवेगाव आणि कोका मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला; त्या वेळी नकाशावर रेघ आली, वाघ त्याआधीही होते आणि रेघेबाहेरही हिंडतात. त्यामुळे बाया टोळीने जातात, मोठ्याने बोलत जातात. मोहाच्या दिवसांत भल्या पहाटे झाडाखाली जायचं नाही, कारण त्या वेळी अस्वलही फुलं खायला आलेलं असतं, आणि आजीच्या मते वाघापेक्षा अस्वल वाईट. वाघ निघून जातो. अस्वल दचकलं तर सरळ अंगावर येतं.

शेजारचे काकाजी वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडून तिने आग्या मोहोळाचं पान भरून घेतलं. जुन्या बुरुजांना, कड्यांना आणि उंच झाडांना ही पोळी लटकलेली असतात. सेंट, अत्तर लावून जायचं नाही. खाली शेकोटी, विडी-सिगारेट नाही. दगड मारणाऱ्याला सोबत न्यायचंच नाही. माश्या उठल्या तर हातवारे करायचे नाहीत, दुपट्ट्याने तोंड-मान झाकून दाट झुडपातून लांब जायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. बोटातली अंगठी आणि हातातल्या बांगड्या काढायच्या, तो अवयव लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवायचा, आणि माणसाला चालू न देता दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ती सरकारी दवाखान्यात असते, मांत्रिकाकडे नसते. तेव्हा जवळचा दवाखाना कोणता, मोहाडीचं ग्रामीण रुग्णालय की तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय, हे निघण्याआधी ठरवून ठेवायचं. १०८ आणि ११२ हे क्रमांक सगळ्यांना पाठ होते. वनविभागाचा १९२६ कुणालाच ठाऊक नव्हता. तोही लिहिला.

पण काकाजींचा मुख्य विषय ऊन होता. त्यांच्या हिशेबात गडावरचा सगळ्यात धोकादायक प्राणी घड्याळात राहतो. "बारा वाजाच्या आत खाली. मंग गड दिसत नाही, ऊनच दिसते." तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आधीपासून घोट घोट प्यायचं. नुसतं पाणी पुरत नाही, मीठही गेलेलं असतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप तिने जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेबाहेर ते उपयोगाला येईल असं वाटलं नव्हतं. थकलेला माणूस आणि ऊन लागलेला माणूस यांतला फरक त्यांनी दोनदा सांगितला. थकलेला कुरकुर करतो. ऊन लागलेला असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो, कातडी तापते, कधी घामही थांबतो. त्याला आधी सावली, ओलं कापड, वारा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या भर उन्हाच्या नऊ दिवसांत, जायचंच नाही.

मग त्यांनी एक अशी गोष्ट सांगितली, जी कुठल्याही यादीत नव्हती. "गडावर पहिले कोन पोचला हे कोनी विचारत नाही. शेवटचा कुठी हाय ते विचाराचं." त्यावरून ठरलं की सगळ्यात हळू चालणाऱ्याने पुढे चालायचं. विशीच्या आतल्या मुलांना हा नियम अपमानासारखा वाटतो, तरी तो मोडला नाही.

प्रत्यक्ष दिवसाचं वर्णन थोडक्यात होतं. गाडी उशिरा मिळाली, त्यामुळे पायथ्याशीच ऊन वर आलेलं. प्रत्येकाकडे स्वतःचं पाणी. विहिरीच्या आख्यायिकेने तेवढं काम केलं. पानगळीचं जंगल मेमध्ये काही झाकत नाही आणि सावलीही देत नाही. वाटेवर वाळलेली पानं इतकी, की पाय कशावर पडतोय ते काठी ठोकल्याशिवाय कळत नव्हतं. बुरुज दिसले, तटावरून खालचा मुलूख दिसला, आणि ठरलेली वेळ झाली. बालेकिल्ला नीट पाहायचा राहिला होता. एका मुलाने अर्धाच तास मागितला. वादावादी झाली, आणि मुलीने रजिस्टरचं पान दाखवलं, ज्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. मंडळी खाली आली. अर्धा तास मागणाऱ्या मुलाचं डोकं परतीच्या वाटेवर ठणकू लागलं. त्याच्या बाटलीतलं पाणी वरच संपलं होतं, हे त्याने तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

विदर्भातल्या पोरांनी डोंगर चढणं ही काही नवलाई राहिलेली नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं. 'मिशन शौर्य' हा आदिवासी विकास विभागाचा उपक्रम. दहा जण निवडले गेले. वर्धा, तेलंगणातलं भोंगीर, दार्जिलिंग, लडाख असं टप्प्याटप्प्याने त्यांचं प्रशिक्षण झालं. शिखरावरचे पाच फोटोत आले. पण उरलेले पाचही सुखरूप घरी परतले, आणि खर्च सरकारने उचलला. मोहाडीच्या रजिस्टरमध्ये या बातमीचं कात्रण नेमकं मध्यावर चिकटवलेलं आहे, बहुधा कुठल्या बाजूला लावावं ते न कळल्यामुळे.

आता मागची पानं.

फीचं पहिलं पान एका आकड्याने सुरू होतं आणि तो आकडा खोडलेला आहे. कुणीतरी सांगितलेला, ऐकीव. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण २०१५ च्या कायद्यानुसार ठरवतं, आणि ती संकेतस्थळावर कॉलेजवार पाहता येते. हे कळल्यावर ऐकीव आकडे बाद झाले. मग एका फीचे तुकडे दिसू लागले: शिकवणी शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, विमा, ओळखपत्र, अनामत. नागपूर विद्यापीठ, म्हणजे १९२३ साली स्थापन झालेलं आणि आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव असलेलं, हे भंडारा, गोंदिया, वर्धा आणि नागपूर या चार जिल्ह्यांचं. परीक्षेचं शुल्क त्याचं, शिकवणीचं कॉलेजचं. पावती एक, पैसे जाण्याच्या दिशा अनेक.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तिचं पान पार बदललं. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी निम्मं होतं. गावात याचा अर्थ "पोरींचं शिक्षण फुकट" असा झाला. तो अर्थ अर्धवट आहे, आणि अर्धवट अर्थावर विसंबून प्रवेशाच्या खिडकीशी उभं राहणं फार वाईट. माफी फक्त कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या जागेला. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही. वसतिगृह, खानावळ, गणवेश, अनामत यांना नाही.

गडावर पाणी संपल्याचं लपवणारा मुलगाही ओबीसीच. गुण साधारण तिच्याइतकेच, घरची जमीनही तेवढीच. त्याच्या पानावर मात्र निम्मं शिकवणी शुल्क उरतं. मुलींना दिलेल्या सवलतीबद्दल तक्रार करावी असं त्यात काही नाही. ती कैक पिढ्या उशिरा आली आहे. पण त्या मुलाच्या निम्म्याचं काय, हा प्रश्न मोहाडीच्या चहाच्या टपरीवर निघतो तेव्हा उत्तर कुणाकडे नसतं. त्याने शैक्षणिक कर्जाची चौकशी सुरू केली आणि खर्चाचं वेगळं पान मागितलं.

सवलत कागदावर असते आणि कागद तहसीलमध्ये. सुट्टीचा बराच वेळ यात गेला. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून फेब्रुवारीत उत्साहाने काढून ठेवलेला बाद. आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतू केंद्र, मग तहसीलदारांची सही. नॉन-क्रीमी लेअर वेगळं. रहिवासी दाखला वेगळा. निकाल लागल्यावर अख्खा तालुका एकाच खिडकीवर येतो, हे तिला मागच्या वर्षीच्या एका ताईने सांगितलं होतं, त्यामुळे तिचे अर्ज एप्रिलमध्येच पडले. मोहाडीत सगळ्यात भरवशाची माहिती अशी मिळते, गल्लीतल्या एका वर्षाने मोठ्या ताईकडून. पोर्टलवरची माहिती बरोबर असते. कोणत्या वारी ऑपरेटर जागेवर असतो, ते ताईला माहीत असतं.

जातवैधता हा खरा घाट होता. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे वडिलांच्याही वडिलांचा, नाहीतर त्यांच्या वडिलांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल. पणजोबा तिरोड्याकडच्या शाळेत दोन वर्षं गेले होते. त्या वेळी तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. पणती मोहाडीची, समिती भंडाऱ्याची, कागद गोंदिया जिल्ह्यात. शाळेच्या जुन्या रजिस्टरात पणजोबांच्या नावाचं शुद्धलेखन आजच्या आडनावाशी जुळत नव्हतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकला होता म्हणून निभावलं. हे सगळं करताना वडील एकदा म्हणाले, "गड चढनं सोपं होतं ना वो." तिने ते रजिस्टरमध्ये जसंच्या तसं उतरवलं आहे.

बँकेचं खातं आधारशी जोडलेलं असणं आणि शासनाचे पैसे त्याच खात्यावर येतील अशी नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली होती, दुसरी नव्हती. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज मंजूर झाल्यावर ज्यांचे पैसे अडकतात, त्यांतल्या अनेकांचं घोडं इथेच पेंड खातं. अनेक योजनांत रक्कम हप्त्यांनी आणि उशिरा येते, तोवर कुणीतरी पदरचे भरायचे असतात. माफी आणि परतावा यांतलं अंतर म्हणजे एका शेतकरी घराचं एक खरीप. हे अंतर योजनेच्या जाहिरातीत नसतं. एका कॉलेजच्या चौकशी खिडकीवर तिला सांगण्यात आलं, आधी भरा, शिष्यवृत्ती आली की घ्या. तिने शासन निर्णयाची प्रत पुढे केली. खिडकीतल्या माणसाने ती वाचली, आत गेला, आणि बऱ्याच वेळाने येऊन म्हणाला, प्रवेशाच्या वेळी बघू. त्या कॉलेजसमोर तिने प्रश्नचिन्ह काढलं.

दुसरा कागद यूजीसीचा, २०१८ चा. फार्मसीच्या फेऱ्या लांबतात, म्हणून बहुतेक मुलं आधी जवळच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घालून ठेवतात. नंतर सोडून जाताना भरलेले पैसे गेले असं धरून चालतात. नियम तसा नाही. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी नाव काढलं तर प्रक्रिया शुल्क वगळून सगळी फी परत. त्यानंतर तारखेपर्यंत ९० टक्के. तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०. तीस दिवसांत ५०. पुढे काही नाही. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. तिने तारखा लाल शाईने लिहिल्या. अर्ज हातोहात द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचा, हे ताईचं शिकवणं.

राहण्याचा प्रश्न उरला. नागपुरात वसतिगृह नाही मिळालं तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. भोजन, निवास आणि निर्वाह यांचे मिळून. पण जिल्ह्यागणिक लाभार्थ्यांची संख्या ठरलेली आहे आणि यादी गुणवत्तेने लागते. म्हणून दुसरा मार्गही मांडला. मोहाडी तालुक्यातल्याच वरठीला भंडारा रोड स्टेशन आहे. रेल्वे मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. मुलांना फक्त बारावीपर्यंत. रोज जाऊन-येऊन वेळ किती जातो, तो आकडाही तिने खर्चाच्या रकान्यातच धरला, आणि ते बरोबर केलं.

जूनमध्ये पाऊस आला तेव्हा पुढच्या पानांवर एकच नवी नोंद पडली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर विजेने माणसं जातात, आणि उघड्या शेतात एकट्या मोहाखाली आडोसा घेणं सगळ्यांत वाईट. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आजूबाजूला वीज पडण्याचा इशारा देतं. ते तिने आजीसाठी वडिलांच्या फोनवर टाकलं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हेही सांगितलं. आजीने विचारलं, मंग रोवना कोन करन?

कॅपच्या फेरीत पसंतीक्रम भरताना तिने प्रश्नचिन्हाचं कॉलेज खाली ढकललं. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते, म्हणून पहिल्या ओळीवर घरात दोन संध्याकाळी चर्चा झाली. जागा मिळाली. जागा स्वीकारण्याचे १,००० रुपये ऑनलाइन भरले. प्रवेशाच्या दिवशी पावतीवर शिकवणी आणि परीक्षा या दोन ओळींपुढे शून्य होतं. बाकीच्या ओळींची बेरीज मात्र शून्य नव्हती. ती वडिलांनी रोखीने दिली; तेंदूच्या हंगामाचे पैसे तोवर आजीच्या खात्यात जमा झाले होते. अनामतीची पावती मुलीने वेगळी मागून घेतली, तिची झेरॉक्स रजिस्टरला टाचली आणि मूळ प्रत जातवैधतेच्या फायलीत ठेवली. ती रक्कम चार वर्षांनी परत मागताना पावती दाखवावी लागते.